संगणक कक्षाची नोंदवही आणि इतर मिळकत

मी, राजरत्न रामभाऊ भालेराव, वय वर्षे एकोणसत्तर, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक आणि नाइलाजाने संगणक शिक्षक, राहणार खरवई, बदलापूर (पूर्व), आज दिनांक १० नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. साखर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कोणाचंही दडपण माझ्यावर नाही. ते दिवस नोकरीबरोबर संपले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. बाकी जे कागद केले, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

आमच्या सोसायटीतल्या वकील अनुयाताई म्हणाल्या, "सर, मी टाईप करून देते, दोन पानांत बसेल." मी नको म्हटलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्याच अक्षराने सगळा घोळ घातला, तेव्हा निस्तरायचं कामही त्यानेच करावं.

कलम १. खरवईचा एक बेडरूमचा फ्लॅट माझ्या पश्चात मुलगा मिलिंद आणि मुलगी प्रीती यांना समसमान. मिलिंद विकू म्हणेल, प्रीती राहू दे म्हणेल. दोघांनी माझ्या फोटोसमोर भांडू नये, स्वयंपाकघरात भांडावं. हे घर त्यांची दिवंगत आई अंजना हिच्या काटकसरीतून झालं. कागदावर मात्र तिचं नाव मी कधी घातलं नाही. तिने मागितलं नाही म्हणून घातलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

कलम २. बँकेतली शिल्लक प्रीतीला. माझी दुखणी तिने काढली. मिलिंदनेही काढली, पण फोनवरून.

कलम ३. कुंचले, रंगपेटी आणि सागवानी ड्रॉइंग बोर्ड नात इरा हिला. ती टॅबवर बोटाने चित्रं काढते आणि चुकलं की पुसून टाकते. कागदावर चुकलेलं तसंच राहतं, हेही तिने एकदा अनुभवावं.

कलम ४. माळ्यावरचा जुना संगणक भंगारात द्यावा. तो मी २००१ साली उल्हासनगरला वाशू शेठच्या दुकानातून सुटे भाग जोडून घेतला. शाळेने ठाण्याला पाठवून मला दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यातले चार दिवस वीज नव्हती, उरलेले सहा दिवस आम्ही वहीत आकृत्या काढल्या. वाशू शेठने पहिल्याच दिवशी माझ्या हातात पेचकस दिला. "साईं, डरने का नहीं. खोलो, देखो. बिगड़ेगा तो मैं बैठा हूँ ना." बिघडलं तर मी आहे, हे वाक्य आमच्या शाळेत कोणी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

कलम ५. पुठ्ठ्याचे कीबोर्ड, उरलेले नग तेवीस. यांचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. पण हे काय आहे ते मुलांना माहीत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या अंबरनाथच्या शाळेत पहिला संगणक फार पूर्वी आला, टीव्हीला जोडायचा, सरकारी. तो प्रयोगशाळेच्या कपाटात हाडांच्या सापळ्याशेजारी ठेवला होता आणि मुलांना दोघांचीही सारखीच भीती वाटे. मग १९९९ साली एकदम सहा आले. मुख्याध्यापक म्हणाले, "भालेराव, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, संगणक तुम्हीच घ्या." एवढ्या पात्रतेवर मी संगणक शिक्षक झालो.

खोलीला गालिचा, पडदे आणि शाळेतलं एकमेव एसी. संगणकांना अंजनाने कापडी खोळी शिवून दिल्या. चपला बाहेर. खंडेनवमीला हार. किल्ली संस्थेच्या कार्यवाहांच्या खणात. ते म्हणत, पोरांच्या हाताला घाम असतो. दुपारी जेवणानंतर ते स्वतः एसीत जाऊन पडत आणि शिपाई बुधाजी दाराबाहेर बसून चपला राखत असे.

तास मात्र वेळापत्रकात होता आणि फी घेतली जात होती. म्हणून मी चपलांच्या खोक्यांची झाकणं जमवली आणि त्यांवर कीबोर्ड रंगवले. हुबेहूब. साठ मुलांचा वर्ग त्यावर बोटं ठेवून बसायचा, मी फळ्यावरून अक्षर सांगायचो, मुलं टेकवायची. पुठ्ठे टिकायला हवेत म्हणून मी त्यांना एकच शिस्त लावली. बोट नुसतं टेकवा, दाबू नका, दाबलं तर फाटतं. चार वर्षं हा तास चालला. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला आज लाज वाटते.

कलम ६. संगणक वापर नोंदवही, एक. निवृत्तीच्या दिवशी ही मी शाळेतून पिशवीत घालून घरी आणली. म्हणजे चोरली. तारीख, इयत्ता, विद्यार्थी संख्या, यंत्र क्रमांक, शिकवलेला घटक, शिक्षकाची सही. एकही खाडाखोड नाही. एकही नोंद खरी नाही. कार्यवाह महिन्याच्या शेवटी वही पुढे सरकवायचे आणि मी चहा निवेपर्यंत महिना भरून द्यायचो. दर रविवारी विहारात पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझा आवाज आपोआप खाली यायचा. अंजनाच्या ते लक्षात आलं होतं. तिने कधी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघून ती स्वतः मोठ्याने म्हणायची.

२००३ साली तपासणी आली. खोळी निघाल्या, यंत्रं सुरू झाली, आठवी ब च्या सहा मुली आत बसवल्या. अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी नोंदवही चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि पहिल्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, तुझं नाव लिहून दाखव बरं." ती मुलगी खरवईची सोनिया महिपती भोईर. वडील शेतकरी, घरात शाळेत आलेली ती पहिली. तिने बोटं अगदी बरोबर ठेवली आणि नाव लिहिलं. पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा काही नाही. ती माझ्या शिस्तीप्रमाणे बोट नुसतं टेकवत होती.

बाई म्हणाल्या, "अगं, दाब ना."

सोनिया म्हणाली, "दाबलं तर फाटतं, बाई."

"काय फाटतं?"

"पुठ्ठा. आम्ही पुठ्ठ्यावर शिकतो. हे आज पहिल्यांदाच बघितलं."

कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, ज्याने तिला ती शिस्त लावली होती, तो म्हणालो, "मुलगी लबाड आहे, बाई. तासाला बसतच नाही. नोंदी तुमच्यासमोर आहेत." बाईंनी नोंदींकडे पाहिलं. अक्षर सुंदर होतं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि "मी खोटं बोलले" असं म्हणायला सांगितलं. ती बोलली नाही. दोन दिवस तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना बोलावलं. महिपती भोईर चपला बाहेर काढून, हात जोडून पटांगणात आला. "माजी पोरगी लबाड नाय हो, गुरुजी," म्हणाला. मी नोंदवही उघडून दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोरीला म्हणाला, "गुरुजींच्या वहीत लिवलंय. म्हण, पोरी." मग ती म्हणाली. त्या वर्षानंतर ती शाळेत आली नाही. बाप म्हणे, खोटं बोलायला शिकवते ती शाळा नको. त्याचं बरोबरच होतं.

त्या वर्षी शाळेला उत्कृष्ट संगणक कक्षाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात नवीन काही नाही. ते सहा संगणक खोळींतच म्हातारे झाले. मग ठेकेदाराचे आले, बरोबर एक कंत्राटी मॅडमही आल्या. कंत्राट संपलं, मॅडम गेल्या, संगणक राहिले. मग प्रोजेक्टर, त्याचा दिवा गेला. मी २०१४ ला निवृत्त झालो. कोरोनात तर वर्गच फोनमध्ये गेले आणि ज्याच्या घरी फोन एक, त्याच्या घरी वर्गही एकच. हल्ली प्रत्येक वर्गात भिंतभर स्मार्ट बोर्ड आहे असं ऐकतो. बुधाजीने सांगितलं, दोन वर्गांत त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं.

कलम ७. ~~माझ्या खर्चाने एक नवीन संगणक संच सोनिया महिपती भोईर हिला.~~

कलम ८. ~~माझ्या मृत्यूनंतर कलम ६ चा मजकूर प्रीतीने शाळेत प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे सोनिया खरं बोलली होती हे सर्वांना कळेल.~~

ही दोन्ही कलमं मी स्वतः खोडली आहेत आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. अनुयाताई म्हणाल्या, स्वच्छ प्रत काढा. मी म्हटलं, राहू दे. माझ्या हातची ही पहिलीच खाडाखोड आहे. कारण खाली.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. खरवई नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे गेलो. दुकान सोनियाचं निघालं. तिने बाहेरून दहावी-बारावी केली, लग्न केलं, आणि आता चार संगणक टाकून बसली आहे. तिने मला लगेच ओळखलं. यंत्रावर माझा अंगठा उमटेना. तीनदा झालं. मग तिने माझा अंगठा धरला आणि म्हणाली, "दाबा सर. जोरात दाबा. फाटत नाही." दाखला झाला, मी जिवंत असल्याचा निरोप सरकारला गेला. मी घरी आलो आणि त्याच संध्याकाळी हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

कलम ८ पर्यंत लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवायला नेलं. मला वाटलं होतं, ती रडेल. तिने गिऱ्हाइकाचा फॉर्म पुरा केला, प्रिंट काढून दिली, मग शांतपणे ऐकलं.

"कॉम्प्युटर नको सर. माझ्याकडे चार आहेत, त्यातला एक बंदच असतो."

"बरं. आणि कलम आठ?"

"ते तुम्ही गेल्यावर वाचणार?"

"हो."

"मला उभं केलंत तेव्हा मी जिवंत होते, सर." ती खुर्चीवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "आणि माझे बाबा अजून आहेत. त्र्याऐंशी चालू आहे. दर दिवाळीला विचारतात, पोरी, तू तवा खोटं का बोललीस? मी सांगून सांगून थकले. ते म्हणतात, गुरुजींच्या वहीत होतं. आता त्यांनी तुमच्या मरणाची वाट बघायची का? आधी कोण जाईल, काय माहीत."

बावीस वर्षं मला माझीच लाज मोठी वाटत होती. त्या म्हाताऱ्याचं कधी मनातही आलं नाही. विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील सांगतात.

"मला तर काहीच नकोय," ती म्हणाली. "मग मी सही करते. पण सोमवारी. शाळेत. प्रार्थनेनंतर. बाबांना घेऊन येते."

कलम ९. माझ्या पश्चात कसलाही गाजावाजा नको. विहारात पंचशील घ्यावं आणि चौथं शील प्रीतीने तिच्या आईसारखं मोठ्याने म्हणावं. शाळेने शोकसभा घेतल्यास माझ्या अक्षराचं कौतुक करू नये. नोंदवही अनुयाताईंच्या स्वाधीन. शिक्षण खात्याला हवी असेल तर द्यावी. नको असेल, आणि नकोच असेल, तर पुठ्ठ्यांबरोबर रद्दीत घालावी.

पुढचा मजकूर सोमवारी सकाळी शाळेच्या पटांगणातल्या बाकावर बसून लिहीत आहे.

मुख्याध्यापिका हिमानी मॅडमनी पाच मिनिटं दिली. फलकावर खडूने "निवृत्त शिक्षकांचे मार्गदर्शन" असं लिहिलं होतं. मी कलम ५ आणि ६ वाचली, सगळी, कार्यवाहांच्या झोपेसकट. मुलांना त्यातलं फारसं कळलं नसावं. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण ती सगळ्याच भाषणांना वाजवतात. दोन शिक्षक खाली बघत होते. का, ते मला विचारावं लागलं नाही.

महिपती भोईर पुढच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. मुलं वर्गात गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि कानाशी वाकून म्हटलं, "तुमची मुलगी खरं बोलली होती. मी खोटं बोललो. माझी वहीही खोटी होती." या वेळी हात मी जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सोनियाकडे वळले.

"म्हंजे तू खरं बोललीस?"

"हो, बाबा."

"मंग मना तवाच का नाय सांगलंस?"

"सांगितलं होतं, बाबा."

म्हाताऱ्याने तिचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही, त्यामुळे तिला सही करायला थांबावं लागलं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून तो खरा आहे. हे वाक्य मी याआधी शेकडो वेळा लिहिलं आहे. आज ते प्रथमच लागू पडतं.

राजरत्न रामभाऊ भालेराव (सही)

स्थळ: शाळेचं पटांगण, अंबरनाथ (पूर्व)
दिनांक: १ डिसेंबर २०२५

साक्षीदार:

१. बुधाजी, निवृत्त शिपाई. "सरांनी माझ्यासमोर सही केली. चपलांचंबी खरं हाय." (सही)

२. सोनिया महिपती भोईर, खरवई. वाचून, समजून सही केली. (सही)

३. महिपती भोईर, खरवई. वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार पुरे आहेत. हे म्हणाले, "पोरीच्या नावाखाली माजाबी घ्या." (डाव्या हाताचा अंगठा)