टाकीत मासे किती

४ फेब्रुवारी १९६२, रविवार. राजापेठ, अमरावती.
आजपासून रोज लिहायचं. वकिलाच्या मनाला शिस्त हवी. मासे पाळतोय तेही शिस्तीसाठीच, हौस म्हणून नाही.
काचेची टाकी आली. दहा गॅलन पाणी मावतं. पुस्तकात नियम स्पष्ट आहे: एका गॅलनला एक इंच मासा. माझे मासे दोन इंची. म्हणजे पाच. सहावा आणला तर नावाचा कमलाकांत नाही.
बायको, सिंधू, तिच्या आईंना, गोदावरीबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंजनगावहून इथे आणायचं म्हणते. महिनाभर राहतील. मी तिला शांतपणे नकाशा काढून दाखवला. खोल्या दोन, मुलं धरून माणसं चार. खिडकीजवळच्या कोपऱ्यात खाट मावली असती, पण तिथे टाकी आहे. जागेचा नियम माशांना लागू, तसा माणसांनाही. तिने नकाशा घडी घालून ठेवून दिला. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
मधले दिवस लिहायला सवड झाली नाही.
तारखेसाठी अकोल्याला गेलो. तारीख पुढे गेली. जुन्या शहरात उद्धवकडे जेवलो. कॉलेजातला मित्र. त्याची टाकी माझ्यापेक्षा लहान आणि मासे नऊ. 'पाचच?' एवढंच म्हणाला, पण कसं म्हणाला ते विसरणार नाही. त्याच्याचकडून चार मासे घेतले, पितळी डब्यात. एसटीत शेजारच्याने रस्सा कसा करता म्हणून विचारलं. डबा मांडीवर घेतला.
नियम मोडलेला नाही. नियमात मासा म्हटलंय, शेपटी म्हटलेलं नाही. माणसाची उंची पागोट्यासकट कोणी मोजत नाही. शेपटी वजा जाता मासा एक इंच. म्हणजे दहा मावतात. उलट एक जागा शिल्लकच आहे.
सिंधूने आईचा विषय पुन्हा काढला. घर काही वाढलेलं नाही, हे तिला समजावून सांगितलं.

४ मार्च, रविवार
मासिकात समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांचं रंगीत चित्र पाहिलं. अमरावतीला समुद्र नाही ही काही माझी चूक नव्हे. नदीवरून दगड आणून टाकीत रचले. अंगठीतलं पोवळं काढून मधोमध ठेवलं. ते अस्सल समुद्रातलं. दगडांमुळे बरंच पाणी बाहेर आलं, ते सिंधूने पुसलं. पाण्याला थोडी खारट चव द्यावी म्हटलं तर मिठाची बरणी जागेवर नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलंय.
एक शोध लागला. काही मासे वर राहतात, काही तळाशी. म्हणजे टाकी दुमजली आहे, आणि नियम प्रत्येक मजल्याला वेगळा लागायला हवा. चौदा केले.
सिंधू म्हणाली की आईही खालीच झोपते, सतरंजीवर. याचा इथे संबंध काय, कळलं नाही.

१ एप्रिल, रविवार
सरकार गॅलन मोडीत काढून लिटर आणतंय. जे मापच उरणार नाही, त्याच्यावर उभा असलेला नियम आपोआप रद्द. मासे अठरा. उद्धवला कार्ड टाकलं, येऊन बघ म्हणून.
ऊन फार. टाकीतलं पाणी चार बोटं आटलंय. पण माशांना माझा लळा किती लागलाय! दिवसभर सगळे वर येतात, माझ्याकडे बघून तोंडं उघडतात, मिटतात. पोटच्या मुलांनी कधी इतकी माया केली नाही.

५ एप्रिल
सकाळी तीन मासे पाठीवर पडून विश्रांती घेत होते. सिंधूने त्यांना बाहेर नेलं. परत आणले नाहीत.
दुपारी सासूबाई आल्या. सिंधूने मला न विचारता भावाला निरोप धाडला, तो त्यांना सोडून गेला. त्यांना जवळजवळ दिसत नाही. खोलीत पाय ठेवला, थबकल्या, आणि टाकीकडे कान केला.
"जवाईबापू, हे कोन मच् मच् करून राह्यले? मले दिसत नाही, पन ऐकू येते. याइले हवा पुरून नाही राह्यली."
ती माया आहे, असं मी सांगितलं. मग मीही उभा राहून ऐकलं. खरंच आवाज येत होता. इतके दिवस मी नुसता बघत होतो. लाज वाटली. हे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

६ एप्रिल
मासे मागच्या अंगणातल्या हौदात सोडण्याचा निर्णय मी घेतला. सिंधूने ते पहाटेच सोडले होते, पण माझ्या मनात निर्णय त्याआधीच झाला होता.
टाकी माळ्यावर गेली. कोपऱ्यात खाट टाकली. खाट आखूड आहे, सासूबाईंचे पाय बाहेर येतात, हे मी लक्षात आणून दिलं.
सिंधू म्हणाली, "पाय कायले मोजता? शेपट्या मोजल्या होत्या काय?"
वकिली हिने करायला हवी होती.

२९ एप्रिल, रविवार. दुपार.
ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला. सासूबाईंनी आधी हौद बघायला मागितला. वाकून मासे मोजले. पाच. बाकीचे पहिल्या आठवड्यातच गेले, टाकीतला त्रास त्यांना भोवला. वाईट वाटतं. मात्र पहिल्या दिवशीचा माझा आकडा तंतोतंत बरोबर होता, हे सिंधूला सांगितलं.
उद्धव येऊन गेला. टाकी कुठे, म्हणाला. मी हल्ली मोकळ्या पाण्याच्या पद्धतीकडे वळलोय, असं सांगितलं.
सासूबाईंना भेटायला अंजनगावची मंडळी आली आहेत. खोल्या दोन, माणसं अकरा. सगळी मावली. माझी तेवढी रवानगी ओसरीवर, टिनाखाली. उकाड्याने तोंड उघडं टाकून पडलो होतो. सासूबाई दारात आल्या. आता त्यांना स्वच्छ दिसतं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
"सिंधू, जवाईबापूची खाट हौदापाशी ने वं. याइलेबी हवा पुरून नाही राह्यली."
हे हौदापाशी बसून लिहितोय. इथे बरं वाटतं.