अलेनबेकचा काळा गरुड

अलेनबेक, हानोवर
२ जून १८६८

ती. युर्गनदादास,
इल्झाबेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आपल्या परागंदा राजाच्या तबेल्यातले घोडे व्हिएन्नाचं गवत खाऊन माजलेत, हे वाचून हसू आलं. आपलं राज्य प्रशियानं गिळलं, घोडे तेवढे सुटले.

जुलैतल्या नेमबाजीच्या जत्रेचा लाकडी पक्षी दरवर्षी माझा नवरा हार्म कोरायचा. आता पंचांनी ते काम मला दिलंय. काल बार्टेल्स अंमलदार पंचांना घेऊन दारात आला. आपल्याच गावचा, आपल्याच राजाचं मीठ खाल्लेला, आणि प्रशियाची शपथ घ्यायला सगळ्यांत आधी धावलेला. गेल्या वर्षी राजाच्या वाढदिवशी हार्मनं हानोवरची पिवळी-पांढरी फीत लावली, ही चुगली त्याचीच. हार्म तुरुंगातून आला तो शवपेटीतच.

बार्टेल्स म्हणतो कसा, यंदा जत्रेला प्रशियाचे कर्नल येणार, आपला तपकिरी पक्षी म्हणजे निव्वळ कोंबडी दिसते. प्रशियाच्या राजचिन्हातला, नव्या नाण्यांवर आहे तसा काळा गरुड कर, डोक्यावर मुकुट हवा. मी बरं म्हणाले. दादा, चापलुसीच्या भरात तो विसरला, की त्या पक्ष्याला आपण गोळ्या घालतो. आणि मुकुटावरची मानाची पहिली गोळी अंमलदाराची असते. मी आठवण करून दिली नाही. पंचही छताकडे बघत राहिले.

तुझी माया माझ्यावर आहेच, तिच्यात घोड्यांना वाटेकरी करू नकोस.
इल्झाबे

व्हिएन्ना
१५ जून १८६८

चि. इल्झाबेस,
युर्गनचे अ. आ.

माझ्या बुटात बेडूक घालणारी तू, तुला काय सांगणार? तरी सांगतो, कोंबडीच कोर. बालंट तुझ्यावर येईल. हार्म गेला, आता तू तुरुंगात गेलीस तर मी कुणाला पत्र लिहू? इथं दरबारी मंडळी रोज कॉफी पिताना सूड घेण्याच्या शपथा वाहतात आणि जेवून झोपतात. तूही तेवढंच कर.

बार्टेल्सची कीव करतोय असं समजू नकोस. काळजी तुझी आहे. उलट टपाली खुशाली कळव, नाहीतर चालत येईन.
युर्गन

अलेनबेक
१९ जुलै १८६८

ती. दादास,
इल्झाबेचा शि. सा. न. वि. वि.

चालत येऊ नकोस, मी खुशाल आहे.

जत्रेत बार्टेल्सनं बंदूक उचलली, उंच खांबावर पाहिलं आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. चेहरा पिठासारखा. त्यानं मुद्दाम दोनदा नेम चुकवला. म्हाताऱ्या ट्योनिस पंचानं अदबीनं सांगितलं, की साहेबांनी मुकुट पाडल्याशिवाय इतरांना बंदुकीला हात लावता येत नाही, रीतच आहे. कर्नलना खालून काय दिसणार? त्यांनी हसून त्याला नीट नेम धरा म्हणून बजावलं. तिसऱ्या गोळीला मुकुट थेट त्यांच्या बुटांपाशी पडला. त्यांनी तो उचलून निरखला. तेवढ्यात साऱ्या गावाच्या टोप्या हवेत.

चौकशी झाली. गरुडाचा हुकूम त्याचाच, असं पंचांनी शपथेवर सांगितलं. बार्टेल्सची पार पूर्वेच्या सरहद्दीवर बदली झाली, हुद्दाही उतरला.

काल त्याची बायको कात्रिन आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. रडत म्हणाली, गरुडाची कल्पना माझी होती असं मी सांगावं, विधवेला फार शिक्षा करणार नाहीत. मी तिला कॉफी दिली. हार्मच्या सुटकेसाठी मी तिच्या दारात उभी होते, तेव्हा तिनं पडदा ओढून घेतला होता. तेही बोलले नाही. एवढंच म्हणाले, की तुझा नवरा तुझ्यासोबत गाडीत बसून जाणार आहे. कॉफी तशीच टाकून ती गेली.

तू विचारशील, मन निवलं का? नाही. पंचांनी पुढच्या वर्षीचं कामही मलाच दिलंय. नवे अंमलदार थेट बर्लिनचे आहेत. पक्षी कसा हवा, ते त्यांनाच विचारणार आहे.

रागावलास तरी लिहीत राहा.
इल्झाबे