पेन्सिलची फुली

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, माजी शिक्षणमंत्री, विद्यापीठाचा माजी कुलपती आणि एका आत्मचरित्राचा लेखक, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके ठिकाणावर आहे. आजवर हजारो सह्या केल्या. अक्षरन् अक्षर वाचून केलेली बहुधा ही पहिलीच.

१. राहते घर मुलीला. विकले तरी माझी हरकत नाही.

२. कुलपतीचा झगा विद्यापीठाला परत करावा. तो शोभेचा होता आणि त्यातला माणूसही.

३. माझ्या स्वीय सहायकाला काही नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. तीस वर्षे तो कागदावर पेन्सिलने बारीक फुली मारी आणि मी फुलीपाशी सही ठोकी. "साहेब, वाचत बसलात तर कारभार कधी करणार?" असे तो म्हणे. मला ते गोड वाटे.

४. कपाटातली हिरवी फाईल मी मंत्री असताना बांधलेल्या वसतिगृहाच्या अभियंत्याला द्यावी. तीत त्याचा शेरा आहे : 'जिना कमकुवत. इमारत वापरास देऊ नये.' त्याच पानावर, 'उद्घाटन ठरल्याप्रमाणे व्हावे' या टिपणीखाली, माझी सही आहे. जिना कोसळला, एक विद्यार्थिनी गेली. फाईल मी घरी आणून दडवली. चौकशीत शेरा सापडला नाही आणि अभियंत्याची नोकरी गेली. आत्मचरित्रात मी त्यालाच हलगर्जी म्हटले आहे. ते धादांत खोटे आहे. पुस्तकाचे सर्व हक्क त्याला. पुढच्या आवृत्तीत शेऱ्याचे ते पान सर्वांत आधी छापावे, नाहीतर पुस्तक बंद करावे.

५. टेबलावरचे मरणोत्तर पदवीपत्र त्या विद्यार्थिनीचे आहे. कुलपती म्हणून पहिल्याच दीक्षान्त समारंभात मी ते तिच्या आईला दिले. बाईंनी सहीशेजारची न खोडलेली फुली पाहिली, कागद स्वतःच्या पाठीमागे धरला आणि विचारले, "नाव काय हो माझ्या पोरीचं?"

मला सांगता आले नाही.

"मग तुमच्याकडेच असू द्या. रोज वाचा," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

अकरा वर्षे रोज वाचतो. वाचून झाले की बाईंचा आवाज येतो. मी नाव मोठ्याने सांगतो. आवाज पुन्हा तेच विचारतो. मला त्याची भीती वाटते. मुलीने पदवीपत्र त्यांच्या घरी स्वतः नेऊन द्यावे. दारात आधी त्या पोरीचे नाव घ्यावे, मग माझे.

६. सही करण्यापूर्वी सहायकाने सवयीने याही कागदावर फुली मारली. मी ती खोडून म्हणालो, "आधी वाच." चौथ्या कलमापाशी तो थांबला.

"साहेब, तो शेरा मी वाचला होता."

"कधी?"

"फुली मारायच्या आधी."

माझा दोष याने तसूभर कमी होत नाही. पण हे त्याचे शब्द त्याच्यासमोर लिहिले आहेत, आणि खालची त्याची सही या शब्दांनाही लागू आहे.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १२ फेब्रुवारी

लिहून देणार : (सही)

साक्षीदार, वाचून :
१. माझे डॉक्टर (सही)
२. माझा स्वीय सहायक (सही)