मोबाइलमधल्या बाई

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

विहिरीवरची मोटर पंधरवडाभर बंद आहे, हे मला तुझ्याकडून नाही, मावशीकडून कळलं. मेकॅनिककाका गाव सोडून लेकाकडे गेले, दुसरं कोणी फिरकत नाही, आणि तू त्या कमरेने बादल्या वाहतेस. आता पुरे. माझी खोली लहान आहे, पण नळाला पाणी आहे. महिनाअखेरपर्यंत मोटर सुरू झाली नाही तर मी येऊन घराला कुलूप लावणार आणि तुला घेऊन जाणार.

रागव हवी तेवढी, माया मात्र आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी

१२ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

कुलूप तुझ्याकडेच ठेव. बाबांनी लावलेलं लिंबाचं झाड मी कोणाच्या भरवशावर टाकू?

मावशीने आणि मी मोबाइलवर मोटरदुरुस्तीचा वर्ग लावलाय. सगळं नेट वर्गालाच लागतं, म्हणून हे पत्र. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान. त्या दिसल्या की मी उठून उभी राहते. काल त्या म्हणाल्या, काकू, मला नुसतं तुमचं पोट दिसतंय, बसा आता. मावशी हसून हसून लोळली. पण शिकवतात छान. मोटर फिरते आणि पाणी ओढत नाही, म्हणजे दोष बहुधा पाइपच्या तळाच्या झडपेत. उद्या पाइप वर काढणार.

मायेत कसर नाही, हे वेगळं काय लिहू.
आई

२० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं घाबरं पत्र पोचलं. वीज आधी तोडली होती, धडधाकट आहे.

झडपेत पाला अडकला होता. तो काढला, पाइप पुन्हा विहिरीत सोडला, बटण दाबलं, तर थेंब नाही. मावशी घरी निघाली. मला तुझं कुलूप दिसायला लागलं आणि रडू आलं. मग बाईंना फोन लावून मोटरचा आवाज ऐकवला. त्यांनी एवढंच विचारलं, पाइप पाण्याने भरून घेतलात का? तेच विसरले होते. पुन्हा बादल्या वाहिल्या, पाइपात ओतल्या आणि पाणी आलं.

आता बाई म्हणतात, झडपेचा धडा दुसऱ्या गावांना तुम्हीच शिकवा. रविवारी दुपारी आहे. धडा वहीत दोनदा उतरवून काढलाय. बघशील ना?

आहेस तिथे सुखी राहा, मला आठवत राहा.
आई

२९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कुलूप माझ्याच पेटीला लावलं. सुट्टीत येईन, ती लिंबाला पाणी घालायला.

रविवारी शेजारच्या मैत्रिणीलाही बोलावलं होतं. चष्मा नाकावर घसरलेला, हातात झडप, आणि पहिल्याच वाक्याला तू अडखळलीस. मी मोबाइल जवळ ओढला. मग म्हणालीस, पाइप आधी भरा, मी विसरले होते. पुढे कुठे थांबली नाहीस.

मैत्रीण मला नंतर विचारत होती, खुर्ची रिकामी असून मी उभीच का राहिले. तिला काय सांगू, बाई शिकवत होत्या.

चुकलं तर कान धरावा, लोभ ठेवावा.
तुझी विद्यार्थिनी
चिमणी