शिलाई धरली नाही

५ एप्रिल १९७३, गुरुवार
।। श्री ।।
इतवारीतून आलं : निळं कापड दीड मी., ५ रु. २५ पै. रीळ अन् बटणं, ३० पै. पालिकेतून टेंडरचा कोरा फॉर्म, ५ रु. कोऱ्या कागदाला पाच रुपये! तेवढ्यात दोन किलो तूरडाळ आली असती.
पालिकेच्या शाळांतल्या मुलींसाठी आठशे फ्रॉक शिवून हवेत. महिला मंडळांनीही दर भरावे, असं पेपरात होतं. आमच्या भजनी मंडळाची नोंदणी आहेच. अध्यक्ष मालतीकाकू म्हणाल्या, "हिशेबाचं तू पाहा, तू मॅट्रिक आहेस." नफ्यातून मंडळाला तबला घ्यायचा. आजवर पिठाच्या डब्यावर ठेका चालला. राम ऐकून घेतो, पण किती दिवस.

७ एप्रिल, शनिवार
फॉर्मसोबत अनामत भरायची, अडीचशे. काम मिळूनही घेतलं नाही तर जप्त. मंडळाकडे एवढे कुठून?
निरोप पोचताच अक्का काटोलहून दुपारच्या गाडीने आली. संत्र्याचे पैसे, रुमालात बांधलेले. "तुझ्या भावजींना ठाऊक नाही. माझ्या शकूच्या लग्नाच्या आत परत दे वं बाई, नाही तं माझं काही खरं नाही." सख्खी बहीण म्हणून हात पसरला, पण घास गिळवला नाही आज.

८ एप्रिल, रविवार
पूजा आटोपून एका फ्रॉकचा दर काढला. कापड ५.२५, रीळ-बटणं ०.३०, मंडळाला ०.२५. एकूण ५.८०. तीनदा ताडून पाहिला. जास्त एक पैसा लावला नाही, पोरींच्या अंगावरचं कापड आहे. काकूंनी सही केली, पाकिटाला लाख लावली, नमुन्याचा शिवलेला फ्रॉक सोबत बांधला.

१७ एप्रिल, मंगळवार
विश्वास बसत नाही.
टेंडरं उघडली. पालिकेच्या हॉलमध्ये मी अन् काकू, बाकी सगळे पुरुष. कारकून एकेक दर मोठ्याने वाचत होता. दरवर्षी काम घेणाऱ्या शेठजींचा ७ रु. ९० पै. दुसऱ्या एकाचा आठच्या वर. मग आमचा. वाचून तो थांबला. चष्मा काढला.
"बाई, यात शिलाई कुठे आहे?"
मी म्हटलं, "शिलाई म्हणजे?"
"शिवायची मजुरी, बाई. ती धरली नाही तुम्ही."
"ती कशाला धरायची? आम्हीच तर शिवणार."
सगळा हॉल हसला. शेठजी तेवढे हसले नाहीत. टोपी डोक्यावर ठेवून उठून गेले.
साहेब म्हणाले, नियम स्वच्छ आहे. नमुना पास, दर सर्वांत कमी, काम मंडळाचं.
येताना देवळात पेढे. काकू नाचायच्याच राहिल्या होत्या.

१९ एप्रिल, गुरुवार
उपास.
ह्यांनी पेढा खाल्ला अन् विचारलं, "नऊ बायका, आठशे फ्रॉक. शाळा उघडायच्या आत. स्वयंपाक कोण करणार?" मी म्हटलं, होईल. "वीज फुकट, डोळे फुकट, पाठ फुकट. पालिकेचं भाग्य!" मी पेढ्यांचा पुडा उचलून आत गेले. संध्याकाळी मंडळातली सुशीला आली. तिचं मशीन सासूच्या खोलीत आहे, दुपारी एक ते चार सासू झोपते. "मी काय हातानं शिवू का वं?" हसत होती. मग हसायची थांबली.
आजवर इतकी वर्षं खर्च लिहिते आहे. त्यात माझं म्हणून काही कधी...

२३ एप्रिल, सोमवार
सकाळी दारात एक बाई. इंदोऱ्याहून पायी आलेली. नाव गिरजाबाई.
"तुमीच का त्या फुकटवाल्या?"
मला कळेचना. मग तिने सांगितलं. शेठजींचे फ्रॉक तीच शिवते, तिच्या वस्तीतल्या अजून दहा-बारा जणी. शेठजींनी परवा सांगून टाकलं, यंदा काम नाही. "काहून म्हणून विचारलं, तं म्हणे कोण्या भजनाच्या बाया फुकट शिवून राहिल्या. मले खरं नाही वाटलं. म्हटलं, पाहून तं याव."
चहा केला. कपबशी कोणती काढावी, वेगळी ठेवलेली की रोजची, इथे हात अडला. तिने पाहिलं. मी रोजचीच काढली. लाजेने तोंड धुवून घ्यावंसं वाटलं मला.
एका फ्रॉकचे किती मिळतात, विचारलं. साठ पैसे. शेठजी पालिकेकडून ७.९० घेतात. साठ पैसे!
ती म्हणाली, "तेवढ्यात आमचा उन्हाळा निघते. पोराची फी निघते. तुमाले कशाची कमी पडली?"
मी म्हटलं, आमच्या मनात तसं नव्हतं हो. मजुरी धरायची सुचलंच नाही. घरचं शिवतो तसं.
"घरच्या शिवणाचे तुमाले काय भेटते?"
"घरच्याचे काय भेटणार?"
"अन् पोया लाटता त्याचे?"
मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.
"मायबाई! तुमी तं आमच्याहून गरीब निंगाल्या." असं म्हणून खरंच हसली. जाताना म्हणाली, "माह्यं बोलणं लागलं असंन तं लागू द्या. मले आठ दिवसांत ठरवा लागते, दुसरं काम पाहाव का नाही ते."
दिवसभर जपात मन नाही.

२५ एप्रिल, बुधवार
पालिकेत गेले, एकटीच. कारकुनाला म्हटलं, मजुरी धरायची राहिली, साठ पैसे वाढवून द्या. तरीही आमचाच दर कमी राहतो.
"एकदा पाकीट फुटलं की दर हलत नाही, बाई."
"पण चूक झाली आमची."
"चुकीला नियमात जागा नाही. मी आज तुमचे साठ पैसे वाढवले, तर उद्या दुसरा साठ रुपये वाढवून मागेल." वाईट माणूस नाही. पाणी विचारलं. खरं तर त्याचंही बरोबरच.
करार पुढच्या शुक्रवारी, ४ मे. सही नाही केली तर अनामत जप्त अन् काम दुसऱ्या नंबरला. दुसरा नंबर शेठजींचा.

२६ एप्रिल, गुरुवार
देवळात बैठक. काकू म्हणाल्या, सेवा म्हणून घेतलं, सेवा म्हणून पार पाडू. सुशीला म्हणाली, "सेवा देवाची का पालिकेची?" काकूंनी टाळ आपटले.
मी सुचवलं, शिवण गिरजाबाईंकडे द्यावं, मंडळाचे पंचवीस पैसे त्यांना. निरोप धाडला. उत्तर आलं : "साठाचे पंचवीस? मंग शेठ बरा."
वरचे पस्तीस कोणी घालायचे? घरोघरी मागावे लागतील नवऱ्यांपाशी. शेवटी काकू उठल्या. "अनामत तुझ्या बहिणीची आहे. तूच ठरव." आठही जणी माझ्याकडे पाहत होत्या. असं पाहतात का कोणी? मी काय मोठी लागून गेले.

२८ एप्रिल, शनिवार
मारुतीला तेल. नंतर अक्काला पत्र. कार्ड नाही, पाकीट, नाही तर भावजी वाचतील. इथे उतरवून ठेवते.

"ती. अक्कास सा. न.
काम मिळालं, पण माझ्या हातून शिलाई धरायची राहिली. आता दोनच वाटा. सही करून आम्ही नऊ जणी फुकट शिवायचं, मग तुझे पैसे सुखरूप परत येतात, पण इंदोऱ्याच्या दहा-बारा बायांचा उन्हाळा आम्ही खाल्ला असं होतं. नाही तर काम सोडायचं, ते त्यांना परत मिळेल, पण शेठजींच्याच हातून, साठ पैशांनीच. अन् तुझे अडीचशे गेले.
माझं मन सोड म्हणतं. रामासमोर बसले तरी तेच म्हणतं. पण शकूचं लग्न तोंडावर आलं, अन् तू भावजींना चोरून दिलेले. तुझ्या पैशावर मी कोणती दानत दाखवू? मी फेडीन, पण घरखर्चातून वाचवून, म्हणजे वर्षं लागतील. हेही खरं सांगते.
रागावलीस तरी चालेल, गप्प राहू नकोस. सही शुक्रवारी आहे. मजकूर लिहायला सवड नसेल तर 'सोड' किंवा 'शिव' एवढंच लिही, मला पुरे. पण उलट टपाली कळव."