कारे-कारेतलं मीठ

टीटा, आपण दोघी इंग्रजीत बोलायचो, त्यामुळे तू की तुम्ही हा प्रश्न कधी आला नाही. मराठीत लिहायला बसले तर आधी तेच ठरवावं लागतंय. तुमच्या फिलिपिनोत टीटा म्हणजे मावशी, टीटो म्हणजे काका, आणि आमच्याकडे मावशीला तू म्हणतात. म्हणून तू. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून फ्रीमाँटमध्येच आहे, तुझ्या घरापासून दोन एक्झिट पुढे, आणि आत्ता गॅसवर तुझं कारे-कारे आहे, शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातलं मांस. एक वाजता तुझी मुलगी टीटोंना घेऊन जेवायला येईल.

भात नाही, पास्ता आहे. रागावू नकोस. तुझ्या नवऱ्याला स्ट्रोक झाल्यापासून भाताची शितं त्यांच्या घशात विखुरतात आणि जीव जाईल असा ठसका लागतो. मऊ शिजलेला आखूड पास्ता आणि दाट रस्सा चालेल, असं थेरपिस्टने सांगितलं. दाट म्हणजे नेमका किती, हे मी तिला दोनदा विचारलं. चमचा तिरका केल्यावर रस्सा सावकाश घसरला पाहिजे, ओघळता कामा नये. या आठवड्यात तीनदा करून पाहिला. पहिल्यांदा पीनट बटर जास्त झालं आणि पास्ता टाळूला चिकटला. दुसऱ्यांदा केळफुलाचे दोरे राहिले. तिसऱ्यांदा केळफूल वगळलं, तू करायचीस तसे तांदूळ भाजून, दळून लावले, ऑक्सटेलचं, म्हणजे बैलाच्या शेपटीचं, मांस हाडावरून काढून अगदी बारीक केलं, वांगं रश्श्यातच घोटलं. बरोबर घसरला. तरी सकाळपासून मी परत परत चमचा तिरका करून बघतेय. ठसक्याची भीती आहेच, पण तिच्यासाठी मी चाचण्या केल्या आहेत. मिठासाठी काहीच केलेलं नाही.

तुझ्याकडे भाड्याने खोली घेऊन मला दोन महिने झाले होते. तुझा वाढदिवस होता. तू अंघोळीला गेलेली, पातेलं मंद गॅसवर. मी झाकण उचलून चव बघितली. अळणी. आमच्या घरी मोठं माणूस मीठ विसरलं तर कुणी बोलून दाखवत नाही, गुपचूप घालून ठेवतात. मी दीड चमचा घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. कारे-कारे अळणीच करतात, खारटपणा शेजारच्या वाटीतल्या बागोओंगचा, आंबवलेल्या जवळ्याचा, ज्याने त्याने हवा तेवढा घ्यायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्याच घासाला तुझ्या बहिणीने पाणी मागितलं आणि तू थेट टीटोंकडे बघितलंस.

"म्हाताऱ्या, परत झाकण उघडलंस?"

"अगं, नुसता वास घेतला!"

"वास घेतल्याने समुद्र झाला होय याचा?"

सगळे हसले. मीही हसले.

त्या दिवसापासून ते तुझ्या स्वयंपाकघरातून हद्दपार झाले. थट्टाच होती ती, असं मी स्वतःला सांगत आले. पण शेवटच्या आजारपणात ते तुझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आज मी करतो तुझ्यासाठी." तू डोळे न उघडता म्हणालीस, "तू नको. खारट करशील. ती करेल." आणि मी केलं. ते हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. आता ते दोघं गेलेत, भांडी सिंकमध्ये आहेत.

पाणी उकळत होतं. टीटो ओट्याशी स्टुलावर बसले होते. पास्त्याच्या पाण्यात मीठ घालायचं होतं. मी बरणी त्यांच्यापुढे धरली.

"टीटो, तुम्ही घाला."

"मी? ती वरून चप्पल फेकेल."

"फेकू दे."

"किती घालू?"

कंपनीत मी मायक्रॉनमध्ये मोजते. त्यांना म्हणाले, "तुम्हाला वाटेल तेवढं."

त्यांनी डाव्या हाताची बोटं बरणीत घातली, सात-आठ खडे पाण्यात सोडले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पास्ता अर्थातच अळणी झाला. एकदाही न ठसकता त्यांनी बशी संपवली. मी घास मोजत होते. मध्येच त्यांनी बागोओंगची वाटी जवळ ओढली, मुलगी म्हणाली, "डॅड, ब्लडप्रेशर!" तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, आज मला कुणी दोष देऊ शकत नाही."

सांगायचं तर तेव्हाच होतं. माझ्या तोंडात घासही नव्हता. मी त्यांना पाणी दिलं.

पुढच्या वेळी सांगेन असं लिहायचा मोह होतोय, पण लिहीत नाही. त्या दिवशीचं मीठ माझं होतं, टीटा. हे मी पहिल्यांदा कुणाला सांगतेय, आणि तेही तुला कधीच वाचता आली नसती अशा भाषेत.