एकतिसावं पिस्तूल

झेन्सव्हिल, ओहायो
रविवार, १८ ऑक्टोबर १९९८

प्रिय डॉयल,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आठ वर्षं आपण बोललो नाही. फोन करणार होतो, पण हल्ली फोनवर मला ऐन वेळी शब्द सापडत नाहीत, आणि समोरचा माणूस वाट पाहतोय हे कळलं की उरलेलेही पळून जातात. कागद बिचारा थांबतो.

तुझा गुडघा कसा आहे? तुझी बर्नीस गेली तेव्हा मी आलो नाही. फुलं पाठवून सुटका करून घेतली. त्याची मला लाज वाटते, आणि हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

इकडे सगळं ठीक. अर्लीन मजेत आहे, चर्चच्या जेवणासाठी काल तिने भोपळ्याचे सहा केक भाजले आणि एकालाही मला हात लावू दिला नाही. मागच्या महिन्यात जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये पिस्तुलांचं प्रदर्शन होतं. आपलं खिडकीजवळचं टेबल आता कुणी चाकूवाला लावतो. एक तरुण गडी नवीन चमच्यासारखं लखलखणारं कोल्ट पिस्तूल घेऊन निघाला होता. मी त्याला थांबवून म्हटलं, बाबा रे, यावर कुणीतरी पुन्हा झिलई चढवलीय, बघ, कडा गोल झाल्यात, अक्षरं पुसट झालीत. तर तो म्हणाला, "आजोबा, टेबल तुमचं असेल तर बोला, नाहीतर वाट सोडा." तू असतास तर पोट धरून हसला असतास. तूच मला शिकवलंस ना, की चकाकीला भुलू नकोस, कडा बघ, प्रत्येक भागावरचा नंबर जुळतो का ते बघ. म्यानात ये-जा करून नळीच्या तोंडाची झिलई उडालेली असेल तर ते पिस्तूल खोटं बोलत नाही. नव्या पोरांना हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

आता कामाचं. आपला जुना करार तुला आठवत असेल. आपल्यातला जो आधी जाईल त्याच्या बायकोकडे दुसऱ्याने जायचं, एकेक पिस्तूल हातात घेऊन खरी किंमत लिहून द्यायची, म्हणजे सुतकातच दारात उभे राहणारे दलाल तिला लुबाडणार नाहीत. भांडण झालं तरी तो करार मोडला असं आपल्या दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. तर तू ते काम आताच करावंस, अशी माझी विनंती आहे. मी मरत नाहीये. डॉक्टर म्हणतो हृदय बैलासारखं धडधाकट आहे.

कारण असं की, घरात कुणीतरी येतं.

एक पिस्तूल गेलंय. पिस्तुलांच्या नोंदींची कार्डं एकतीस आहेत आणि तिजोरीत पिस्तुलं तीस. तीनदा मोजली. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करायला एक माणूस आला होता, त्याची नजर मला बरी वाटली नव्हती. अर्लीनचा भाचाही उन्हाळ्यात येऊन गेला. मी आता मागच्या दाराला खुर्ची टेकवून ठेवतो. गेलेलं पिस्तूल १९१७ सालचं जर्मन ल्यूगर आहे. कुठलं ते तुला सांगायला नको.

अर्लीन जेवायला हाक मारतेय. उरलेलं उद्या.

सोमवार

सकाळी कालची पानं वाचली. त्यातला चोर खोटा आहे. पान फाडणार होतो, पण राहू देतो, म्हणजे माझं डोकं हल्ली कसं चालतं ते तुला कळेल.

ऑगस्टमध्ये डॉक्टरने मला घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढला, आकडे घातले, आणि काटे कुठे जातात ते आठवेना. चाळीस वर्षं मी या हातांनी घड्याळाहून बारीक स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरने या विसरण्याला एक नाव दिलं. ते नाव मला नीट आठवतं, पण मी ते लिहिणार नाही.

त्यानंतर बॅटरी फ्रिजमध्ये सापडली. ट्रकची किल्ली कॉफीच्या डब्यात. त्यावर आम्ही हसलो. मग दीड महिन्यापूर्वी अर्लीनच्या शिवणाच्या टोपलीत मला माझं छोटं ब्राउनिंग सापडलं. माझ्याच रुमालात गुंडाळलेलं, लोकरीच्या गुंड्याखाली. ते रिकामं होतं. अर्लीन अंगणात पानं गोळा करत होती. मी ते गुपचूप तिजोरीत ठेवलं आणि पलंगावर बसून राहिलो. कुठला चोर पिस्तूल रुमालात गुंडाळून बाईच्या शिवणाच्या टोपलीत ठेवतो? चोर आहे या भीतीने मीच वस्तू लपवतो आणि लपवल्याचं विसरतो.

म्हणजे ल्यूगर या घरातच आहे, डॉयल. आणि ते रिकामं नाही.

त्या गोळ्यांवरूनच आपलं बिनसलं. पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाने फ्रान्समधून आणलेलं, त्याच्या मुलाने मला दिलेलं. म्यान तेच, गोळ्या भरायच्या दोन्ही मॅगझिनवर नंबर तेच, आणि एका मॅगझिनमध्ये त्या सैनिकाला मिळाल्या तशाच आठ गोळ्या. तू म्हणालास, त्या काढ. मी म्हटलं, काढल्या की हा संच मोडला, मग ते चारचौघांसारखं पिस्तूल झालं. तू म्हणालास, "गोळ्या आहेत तोवर मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही." आणि मी भरल्या हॉलमध्ये, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणालो, की डॉयलला म्हातारपणी पिस्तुलांची भीती वाटायला लागली, त्याला आता पोस्टाची तिकिटं जमवायला द्या. लोक हसले. मीही हसलो. तू तुझी पेटी उचलून निघून गेलास.

तुझं बरोबर होतं. हे एक वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली.

अजून एक सांगायचंय. कधीतरी, बहुधा वसंतात, मी त्याची मागची दुमडणारी कडी ओढून सोडली होती. तो आवाज तुला माहीत आहे, तो ऐकायलाच. मॅगझिन तेव्हा आत होतं का? असेल, तर एक गोळी नळीत चढली. नळीत गोळी असली की वरची बारीक पट्टी उचलली जाते आणि बोटाला लागते. ती लागली होती का, हे आठवायचा मी दिवसभर प्रयत्न करतो. कधी वाटतं लागली, कधी वाटतं नाही. आठवण आणि भीती यांतला फरकच मला कळेनासा झालाय.

अर्लीनला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्यामागे फिरत होतो. ती ज्या कपाटाकडे वळेल ते मी आधी उघडायचो. पिठाचा डबा मी काढून द्यायचो, टॉवेल मी आणायचो, धुवायच्या कपड्यांत आधी माझा हात. ती म्हणाली, "त्रेचाळीस वर्षांत स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते विचारत होतास, आणि आता माझ्या आधी हजर?" तिला ते आवडायला लागलं होतं. बहिणीला फोनवर सांगत होती, की म्हातारा उशिरा का होईना माणसात आला. मला ते ऐकवेना.

आणि आता थंडी पडली. या आठवड्यात ती माळ्यावरच्या पेट्यांतून रजया काढणार. रजई ती कशी काढते माहीत आहे? दोन्ही हात आत घालून एकदम उपसते.

सांगितलं का नाही, असं तू विचारशील. ती मुलीला कळवेल, मुलगी मला नदीकाठच्या त्या घरात ठेवेल, जिथे दुपारी चारला जेवायला वाढतात आणि दारं आतून उघडत नाहीत. मला त्याची भीती वाटते. पण आज सकाळी त्याहून मोठी भीती पाहिली.

मागच्या दाराची खुर्ची सरकली. पुढचं मला आठवतं ते असं, की मी घरातल्या बोळात उभा आहे, माझ्या हातात कोल्ट आहे, ते दाराकडे रोखलेलं आहे, आणि दारात सामानाच्या पिशव्या घेऊन एक बाई उभी आहे.

ती म्हणाली, "व्हर्लिन, मी अर्लीन. तुझी बायको. ही दुधाची पिशवी धर, माझा हात दुखतोय."

दूध घ्यायला हात रिकामा हवा, म्हणून मी पिस्तूल बाजूच्या टेबलावर ठेवलं. मग ती कोण ते मला कळलं. ते कोल्ट रिकामं होतं. पण डॉयल, ती दचकली नाही. ओरडली नाही, मागे सरली नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं तिने ते म्हटलं. मी विचारलं, हे आधीही झालंय का? ती दूध फ्रिजमध्ये ठेवत राहिली. मग म्हणाली, "तीनदा."

मग मी तिला ल्यूगरचं सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ टेबलक्लॉथ सारखा करत राहिली. तिला लगेच शेरिफच्या पोलिसांना बोलवायचं होतं. मी हात जोडले, की अनोळखी लोकांनी घर उपसण्याआधी डॉयलला येऊ दे. "गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मी फोन करणार, मग तू कितीही रड." बहिणीकडे जा म्हटलं तर ऐकत नाही. आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघर आणि पुढची खोली तपासलीय, तेवढ्यातच राहतो. माळ्याला कुलूप लावलंय. सगळ्या किल्ल्या तिच्याकडे आहेत. कुठे ठेवल्या ते मला सांगू नकोस, असं मीच तिला म्हटलंय.

तू गुरुवारी ये. रिकाम्या पेट्या आण, तिजोरीतली तीसही घेऊन जा. विकायची कुणाला ते तू आणि अर्लीन ठरवा, मला विचारू नका. एकतिसावं सापडलं की गोळ्या काढ. ते मला दाखवू नकोस. मी मागितलं तरी दाखवू नकोस, आणि मी छान मागतो.

एक शेवटचं. गाडी रस्त्यावरच थांबव आणि हॉर्न वाजव. आधी अर्लीन बाहेर येईल. ती हात हलवेपर्यंत फाटकातून आत पाऊल टाकू नकोस. तिच्या आधी मी दारात आलो आणि तू कोण असं विचारलं, तर नाव सांगत बसू नकोस, जुनी ओळख काढू नकोस. मागे वळ आणि गाडीत बस. मी हाक मारली तरी थांबू नकोस.

आज, सोमवारी, तुला नीट ओळखणारा तुझा मित्र,
व्हर्लिन